पेटी उतरवण्याआधी: बस चॅसीवरच्या एका जुन्या मोटरहोमचं प्रकरण

गाडी म्हणजे जुनी व्हॅनिटी व्हॅन. 15 टनी वर्गातली बस चॅसी (बॉडीखालचा सांगाडा), व्हीलबेस (पुढच्या-मागच्या धुऱ्यांमधलं अंतर) 5.2 मीटर, इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला केबिनमध्येच बॉनेट (इंजिनावरचं झाकण), पाच गिअरची हाताने टाकायची पेटी (गिअरबॉक्स), एअर ब्रेक. इंधनपंप यांत्रिक, इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. गोरेगावच्या चित्रनगरीत आणि मढच्या बंगल्यांसमोर उभं राहण्यातच तिचं बरंचसं आयुष्य गेलेलं. मुलुंडच्या एका कुटुंबाने ती विकत घेतली, आतल्या मेकअपच्या खोल्या काढल्या आणि सुताराकडून झोपायच्या जागा, ओटा, न्हाणीघर, कपाटं असं सगळं करून घेतलं. गणपतीला सगळ्यांनी एकत्र कोकणात गावी जायचं आणि एरवी आईवडिलांना देवदर्शन घडवायचं, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे आणि अशी गाडी त्याला योग्यही आहे. या चॅसीचे सुटे भाग ऑपेरा हाउसच्या बाजारापासून कुडाळपर्यंत कुठेही मिळतात, आणि हायवेवरच्या कोणत्याही मिस्त्रीला ही पेटी डोळे मिटून उघडता येते.

चॅसी कोणत्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष चॅसीचा नव्हता.

पहिलाच मोठा प्रवास त्र्यंबकेश्वरचा. कसारा घाट चढताना तिसऱ्यातून दुसरा गिअर पडेना, नुसता खर्रर्र आवाज. गाडी चढावर थांबली, ती उचलताना क्लच जळाल्याचा वास घरभर पसरला. परतीच्या उतारावर तर त्याहून वाईट झालं. तिसऱ्या गिअरमध्ये उतरत असताना लिव्हर आपोआप सुटून न्यूट्रलला आली. ड्रायव्हर अनुभवी होता म्हणून त्याने ब्रेकवर वेग मोडून गाडी कडेला घेतली. एका गॅरेजमध्ये निदान झालं: पेटी गेली, पूर्ण ओव्हरहॉल, सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या), बेअरिंगं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, सगळं नवीन. आकडा लाखाच्या पुढे. मालक तो खर्च करायलाही तयार होते, त्याआधी फक्त एकदा दुसरं मत घ्यावं म्हणून ते माझ्याकडे आले.

जड चॅसीवरच्या मोटरहोमबद्दल माझं ठाम मत आहे आणि हे प्रकरण त्यासाठीच सविस्तर लिहितो आहे. अशा गाडीत गिअरची तक्रार आली की आधी पेटीवर चढवलेलं घर तपासा, मग पेटी. ट्रकमध्ये किंवा बसमध्ये ड्रायव्हरच्या हातापायांभोवतीची जागा कारखान्याने सोडलेली असते. घर बांधणारा सुतार ती जागा नकळत खातो. त्याला फरशी सपाट हवी असते, आवाज कमी हवा असतो, कोपरे झाकायचे असतात. पेडल किती खाली जातं आणि लिव्हर कुठवर मागे येते हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

क्लचपासून सुरुवात केली. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे आणि ती कोणालाही करता येते. गाडी सपाट जागी उभी, हँडब्रेक लावलेला, इंजिन आयडलला. क्लच पूर्ण दाबायचा, चार-पाच सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच नीट सुटत असेल तर तोवर पेटीतले गिअर फिरायचे थांबतात आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. इथे थांबूनही दात वाजले. म्हणजे क्लच दाबलेला असतानाही क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या फिरत्या जड चाकाला) घासत होती आणि पेटीचा शाफ्ट फिरवत होती. अशा स्थितीत सिंक्रो रिंगने कितीही धरलं तरी शाफ्टचा वेग जुळणार कसा? दुसरा गिअर न पडण्याचं कारण दुसऱ्या गिअरमध्ये असण्याची गरजच नव्हती.

क्लच सुटत नसेल तर मिस्त्री आधी हायड्रॉलिकमध्ये हवा शोधतो, मास्टर आणि स्लेव्ह सिलेंडर बघतो. तेही बघितलं. लाइनमध्ये हवा नव्हती, स्लेव्हचा रॉड हलत होता, पण जितका हलायला हवा तितका नाही. मुंबईच्या दमट हवेत गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तीही शंका होती. पण ही गाडी रोज थोडी हलत होती. मग केबिनमध्ये खाली वाकून पेडल हाताने दाबलं आणि टॉर्च मारला.

पेडलचा दांडा फरशीच्या पत्र्याला टेकतच नव्हता. तो टेकत होता गालिच्याला. गालिचा उचलला तर खाली व्हिनाइल, त्याखाली 19 मिमीचं प्लाय, आणि सगळ्यात खाली मूळ चेकर प्लेट. पत्र्यापासून वरपर्यंत मिळून इंचभर तर सहज. गालिच्यावर पेडलच्या बुटाचा अर्धगोल वळ उमटलेला होता, इतका खोल की बोट फिरवलं तरी जाणवत होता. प्रत्येक वेळी ड्रायव्हर जिथे क्लच पूर्ण दाबला असं समजत होता, तिथे तो गालिचा दाबत होता. क्लचच्या पेडलचा पहिला भाग नुसता मोकळा असतो, मधला भाग प्लेटवरचा दाब कमी करतो आणि शेवटच्या भागात प्लेट फ्लायव्हीलपासून पूर्ण वेगळी होते. नेमका तो शेवटचा भाग सुताराच्या प्लायने खाल्ला होता. त्यात पेडलचा फ्रीप्लेही (सुरुवातीचं मोकळं अंतर) हवा त्याहून जास्त होता, म्हणजे वरूनही चोरी आणि खालूनही.

पेडलांखालचं प्लाय चौकोनी कापून काढलं, फ्रीप्ले जुळवला. पुन्हा तीच परीक्षा केली आणि रिव्हर्स आवाज न करता पडला. यात सुट्या भागांचा खर्च काहीच नव्हता.

आता तिसरा गिअर सुटण्याचं. गिअर सुटण्याची कारणं पेटीत असू शकतात: सिलेक्टरची स्प्रिंग-गोळी मऊ झालेली, फोर्क झिजलेला, स्लीव्हच्या (गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याच्या) आणि गिअरच्या दातांच्या कडा गोल झालेल्या. पण ती सगळी बघण्याआधी लिव्हर कुठवर जाते ते बघायला हवं. या गाडीत तिसरा मागे ओढून पडतो. इंजिन बंद ठेवून तिसरा टाकला तेव्हा हाताला काहीतरी विचित्र जाणवलं. गिअर पूर्ण बसल्यावर लिव्हरला एक टणक थांबा येतो, तो येईना. शेवटी मऊ लागत होतं, आणि हात सोडला की लिव्हर किंचित पुढे येत होती.

बॉनेटवर आवाज आणि उष्णता अडवायला ग्लासवूल, त्यावर जाड फोम आणि वरून रेक्झिन लावलेलं होतं. दिसायला सुंदर, शिवणही सरळ. पण ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात त्या गादीची जाडी नेमकी लिव्हरच्या वाकाच्या आड येत होती. तिसरा टाकताना लिव्हर फोममध्ये रुतायची आणि दबलेला फोम तिला सतत परत ढकलत राहायचा. चढावर इंजिन गाडीला ओढत असतं तेव्हा दातांवरच्या ताणाने गिअर जागेवर राहतो. उतारावर चाकं इंजिनला फिरवू लागतात, मधेच ताण क्षणभर सैल होतो, आणि अर्धवट बसलेली स्लीव्ह फोमच्या ढकलण्याने मोकळी होते. म्हणून तो गिअर फक्त उतारावर सुटत होता. रेक्झिन कापून कोपरा मोकळा केला तेव्हा लिव्हर मुठीपाशी आणखी बोटभर मागे गेली आणि मग टणक थांबली.

मालकांना वाटलं संपलं. पण बारवी धरणाच्या बाजूच्या चढउतारावर चालवून पाहिलं तेव्हा तिसरा एकदा पुन्हा सुटला. आधीपेक्षा कितीतरी कमी, पण सुटला. अर्धवट बसलेल्या गिअरवर साडेअकरा टनांची गाडी इतका काळ चालली की दातांच्या कडा घासणारच. शेवटी पेटी उतरवावी लागली. आत तिसऱ्याच्या स्लीव्हचे दात एका टोकाला गोल झालेले स्पष्ट दिसत होते. स्लीव्ह, तिसरा गिअर आणि सिलेक्टरच्या स्प्रिंगा बदलल्या. बेअरिंगं शाबूत होती, सिंक्रो रिंगांत दम होता, त्यांना हात लावला नाही. पूर्ण ओव्हरहॉलच्या मानाने खर्च बराच कमी आला. पण पैशांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे: पहिल्या गॅरेजच्या सल्ल्याने सगळी पेटी नवी केली असती आणि फोम तसाच राहिला असता, तर नवी स्लीव्हही त्याच गादीने खाल्ली असती. मग दोष पेटीवर, मिस्त्रीवर, डुप्लिकेट पार्टवर गेला असता. फोमवर कोणाचीच नजर गेली नसती.

पेटीतून ऑइल निघालं ते 140 नंबरचं. पेटीचा आवाज दाबायला जाड ऑइल घालायची सवय आपल्याकडे जुनी आहे. आवाज थोडा दबतो हे खरं, पण थंड पेटीत जाड ऑइलमध्ये सिंक्रो रिंगला वेग जुळवायला वेळ लागतो आणि गिअर जड पडतो. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं 80डब्ल्यू-90 भरलं, तेही पिवळ्या धातूच्या रिंगांना चालेल अशा दर्जाचं.

काट्यावर

यानंतरचं काम मालकांना अनावश्यक वाटत होतं. "गाडी 15 टनी आहे, आम्ही कितीसं सामान भरणार?" असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना गाडी घेऊन कळंबोलीच्या वजनकाट्यावर यायला सांगितलं. पाण्याच्या टाक्या भरलेल्या, डिझेल भरलेलं, भांडीकुंडी आत, म्हणजे गावाला निघताना असते तशी.

नेहमी काट्यावर पूर्ण गाडीचं एकच वजन करतात. मोटरहोमला ते पुरेसं नाही. आधी फक्त पुढचा धुरा प्लॅटफॉर्मवर, मग फक्त मागचा, मग फक्त डावी चाकं, मग फक्त उजवी. काटेवाला कुरकुर करतो, त्याला जास्तीचे पैसे द्यायचे, पण हे करूनच घ्यायचं. पुढे भरलं 3,250 किलो, मागे 8,350. एकूण 11,600, म्हणजे प्लेटवरच्या मर्यादेच्या कितीतरी आत. डावीकडे 6,300 आणि उजवीकडे 5,300.

एकूण आकडा निर्धास्त करणारा होता, वाटणी मुळीच नाही. स्टिअरिंग ज्या धुऱ्यावर आहे त्यावर गाडीच्या वजनाचा जेमतेम 28 टक्के भाग होता. पावसात ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर पुढची चाकं आधी घसरायला लागणार. डावीकडे कडाप्प्याचा ओटा, न्हाणीघर, फ्रिज आणि बॅटऱ्या असल्याने एका बाजूला टनभर वजन जास्त, आणि त्या बाजूचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आधीच बसलेले.

हे वजन येतं कुठून ते सुतारालाही दाखवलं. 8 बाय 4 चं 19 मिमी प्लाय एक पत्रा पस्तीस किलोच्या आसपास भरतं. कपाटं, पलंग, पार्टिशन धरून किती पत्रे लागले ते त्यानेच मोजलं आणि तो गप्प झाला. 20 मिमी दगडाच्या ओट्याचं वजन चौरस मीटरला पन्नास किलोच्या वर जातं. एकेक टुब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोंची. आणि पाणी लिटरला एक किलो, त्यात सवलत नाही.

त्याहून घातक गोष्ट जागेची. मागच्या धुऱ्याच्या पाठीमागे ठेवलेलं वजन मागच्या चाकांवर पडतं आणि शिवाय पुढची चाकं उचलतं. साडेतीनशे किलोंचा जनरेटर मागच्या धुऱ्यापासून 2 मीटर मागे लटकवलेला होता. 350 गुणिले 2 भागिले 5.2, म्हणजे पुढच्या धुऱ्यावरचं सुमारे 135 किलो वजन तो एकटा कमी करत होता, आणि मागच्या धुऱ्यावर स्वतःच्या 350 ऐवजी 485 टाकत होता. 600 लिटर पाण्याची टाकीही त्याच्यापेक्षा जराशी मागेच. व्हॅनिटी व्हॅन म्हणून हे खपून जात होतं, कारण ती रात्री रिकाम्या रस्त्याने सेटवर जायची आणि दिवसभर उभी राहायची. घाट तिच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

जनरेटर दोन्ही धुऱ्यांच्या मधे, चॅसीच्या उजव्या बाजूला आणला. तिथे त्याचा धूर न्हाणीघराच्या खिडकीपासूनही लांब गेला. याआधी झोपलेल्या माणसांच्या खाली कार्बन मोनॉक्साइड सुटत होता, आणि या एका कारणासाठीसुद्धा तो हलवायलाच हवा होता. पाण्याबाबत ठरलं की प्रवासात 150 लिटरच ठेवायचं, मुक्कामी भरायचं. पुन्हा काटा केला: पुढे 3,760, मागे 7,380. पुढचा हिस्सा 34 टक्क्यांवर आला. मालक म्हणाले स्टिअरिंगला आता हातात काहीतरी आहे असं वाटतं.

घाटात

चाचणी जुन्या बोरघाटात घेतली. गाडी चालवायला बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका आले. ज्या काळात डबल क्लच मारल्याशिवाय बसचा गिअर पडत नसे, त्या काळात ते शिकलेले. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत आधीच्या ड्रायव्हरची एक सवय पकडली: गाडी दुसऱ्यात उचलायची. रिकामा ट्रक दुसऱ्यात उचलतात, चालून जातं. ही गाडी रिकामी कधीच नसते. घर नेहमी भरलेलंच असतं, तिला दर वेळी पहिल्यातच उचलायची, मग रस्ता सपाट का असेना. क्लचच्या जळण्यात या सवयीचा वाटा मोठा होता.

चढताना काका इंजिन दमायच्या आधीच गिअर उतरवत होते. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेसचा एक ठोका, पुन्हा क्लच आणि दुसरा. सिंक्रोच्या पेटीला हे सक्तीचं नाही. पण जड गाडीत, चढावर, जुन्या रिंगांवर याने निम्मा भार हलका होतो. मालकांनी शेजारी बसून विचारलं, "काका, मला जमेल का हे?" काका म्हणाले, "जमेल की, पण आधी सपाटीवर महिनाभर. घाट शिकायची जागा नाही."

उतरणीचा हिशोब मी मालकांना कागदावर करून दाखवला, कारण तिसरा गिअर सुटणं किती गंभीर होतं ते त्याशिवाय कळत नाही. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. साडेअकरा टन, पाचशे मीटर, म्हणजे साडेपाच कोटी ज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जिरवायची आहे. दहा किलोमीटरचा उतार 40 च्या वेगाने पंधरा मिनिटांत उतरला तर सरासरी साठ किलोवॉट होतात. हजार वॉटच्या साठ इस्त्र्या पंधरा मिनिटं सलग तापवल्यासारखं. टायर आणि हवा त्यातलं थोडं घेतात. बाकीचं एकतर इंजिन घेईल, नाहीतर ब्रेकचे ड्रम घेतील. ड्रम तापले की फुगतात, लायनरपासून दूर जातात, लायनरची पकड सुटते, आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. गाडी गिअरमध्ये असली आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा) चालू असला की मोठा भार इंजिन घेतं. न्यूट्रलला आली की सगळा ड्रमवर. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल मारणाऱ्यांनी हा हिशोब स्वतः एकदा करावा. वेग 25 वर आणला तर तीच ऊर्जा चोवीस मिनिटांत वाटली जाते आणि चाळीस किलोवॉटच्या आत येते. म्हणून उतार लागायच्या आधी वर थांबून दुसरा किंवा तिसरा टाकायचा आणि खाली येईपर्यंत बदलायचा नाही.

या गाडीचा एक्झॉस्ट ब्रेक बंदच होता. फुलपाखरी झडप काजळीने अडकलेली, एअर लाइन तुटलेली. तो चालू केला. स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकचं लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारे) चारही चाकांना सारखे नव्हते, ते जुळवले. एअर टाक्यांतून पाणी काढलं, पावसाळ्यात ते रोज काढायचं. शिंगरोबाच्या देवळापाशी काकांनी गाडी थांबवून खिडकीतून हात जोडले. घाट उतरून खोपोलीत प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. गरम होते, पण चारही सारखे, आणि कुठेही लायनरचा वास नाही. तिसरा गिअर पूर्ण उतारभर जागेवर राहिला.

कागदांचं थोडक्यात. मालकांकडे फक्त हलक्या वाहनाचं लायसन्स होतं, ज्याची मर्यादा 7,500 किलो. गाडी त्याच्या खूप वर. जड वाहनाचं लायसन्स निघेपर्यंत त्यांनी ती रस्त्यावर चालवायची नाही, हे स्पष्ट सांगितलं. आरसीवर बॉडीचा प्रकार जुनाच होता. मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार असे बदल नोंदणीत यायला हवेत, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे, आतली गॅस आणि विजेची जोडणी करण्याआधी ते वाचायला हवं होतं. मागचा ओव्हरहँग (मागच्या धुऱ्याच्या मागे येणारा भाग) मोजला. तो व्हीलबेसच्या 60 टक्क्यांच्या, म्हणजे इथे 3.12 मीटरच्या आत बसतो. सुताराला मागे सायकली टांगायचा स्टँड करायचा होता, तो नको म्हटलं.

अजून दोन कामं बाकी आहेत. डाव्या बाजूच्या पाट्यांचा सेट काढून पुन्हा कमान द्यायची आहे, आणि कडाप्प्याच्या ओट्याजागी स्टीलचा पत्रा बसवायचा आहे. त्यानंतर डाव्या-उजव्या चाकांचा काटा पुन्हा करायचा. ते होईपर्यंत कशेडीकडे गाडी न्यायची नाही असं मालकांनी मान्य केलं आहे. यंदाच्या गणपतीला गावी जाताना गाडी काका चालवतील, मालक शेजारी बसतील.